दिराला दिलेला आऊट

समजा, तुम्ही स्टंपांमागे उभे आहात. डोक्यावर रणरणतं ऊन, कमरेला गोलंदाजाचा स्वेटर नाही तर टोपी. गोलंदाजाचा पाय रेषेच्या आत पडला का ते बघायचं आणि लगेच नजर उचलून समोरच्या टोकाला लावायची. बॅटला चेंडू निसटता लागला तर आवाज येतो म्हणतात, पण इथं समुद्राचा वारा कानात शीळ घालतोय आणि लाऊडस्पीकर बोंबलतोय. सगळे तुमच्याकडे बघतायत. सांगा, आऊट की नॉट आऊट?

हॉटेलच्या लाँड्रीतल्या बाईंना या आवाजाचं भय नव्हतं. मोठाल्या मशिनींच्या घरघरीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तिथं बोलणंसुद्धा ओठांवरून ओळखायचं. अंपायरिंगचे नियम त्यांनी चादरी वाळेपर्यंतच्या वेळात पाठ केले आणि परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्या. दरवर्षीच्या आठ षटकांच्या स्पर्धेला बाहेरगावचे हौशी संघ सुट्टी काढून येत, आठवडाभर खेळत आणि पोहत. यंदा पहिल्यांदाच एक बाई अंपायर होती. स्पर्धेचे अध्यक्ष म्हणाले होते, "सेमीफायनल नीट पार पडली, तर फायनलही तुमचीच."

सेमीफायनलला हॉटेलच्या कर्मचाऱ्यांचा संघ होता आणि फलंदाजीला बाईंचाच दीर, तिथल्याच किचनमधला कुक. दुसरा अंपायरच नव्हता, त्यामुळे माघार घेण्याचा प्रश्नच आला नाही. दीर तर सुटलाच होता. पाहुण्यांचे गोलंदाज रडकुंडीला आले. जिंकायला थोड्याच धावा उरल्या आणि एक चेंडू बॅटजवळून सरकून कीपरच्या हातात गेला.

"हाऊज दॅट!"

आवाज कुणालाच आला नव्हता. बाईंनी बघितलं होतं ते एवढंच: बॅटपाशी चेंडूनं किंचित कूस बदलली. त्यांनी बोट वर केलं.

"अहो वहिनी!" दीर जागचा हलेना.

"आत जा, भावोजी."

प्रेक्षकांत एकच गलका उठला. "इस्त्रीबाई, घरच्यालाच चटका दिलात की!" "आज जेवायला कुठं जाणार?"

पाहुण्यांचा कप्तान धावत आला. "ताई, आम्ही अपील मागे घेतो. सुट्टीवर आलोय, कशाला उगाच वाईटपणा?"

"अंपायरनं मान्य केल्याशिवाय अपील मागे घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या कीपरला काय वाटतं?"

कीपर म्हणाला, "लागलाय. चेंडू वळला ना."

"मग मेहरबानी कशाला? आऊट."

हॉटेलचा संघ हरला. संध्याकाळपर्यंत लाँड्रीत कुणी धड बोललं नाही. एका वेटरनं तर टेबलक्लॉथ मुद्दाम उलटे टाकले. बाईंनी ते सरळ केले. बातमी घरी त्यांच्या आधीच पोचली होती.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आलात? त्या कप्तानाला परत पाठवलंत म्हणे."

"हो."

"बरं केलंत. आमच्या घरात फुकटचं कुणी खात नाही." आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "फायनलला आमची सूनच उभी राहणार आहे! अध्यक्षांचा निरोप आलाय."

दीर कांदा चिरत बसला होता. रुसलेला, पण कांदा मात्र एकसारखा.

"भावोजी, खरं सांगा. लागला होता का?"

"तुम्ही अंपायर. तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी बघितलं ते सांगितलं. तुमच्या हाताला काय जाणवलं?"

दिरानं सुरी ताटाच्या काठाला पुसली आणि आईकडं बघून हसू दाबलं. "फायनल नीट करा, मग बघू."

फायनल झाली. एकाही निर्णयावर कुणी तोंड उघडलं नाही. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं, सासूबाईंनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि टेबलक्लॉथ उलटे टाकणाराही शिट्टी मारत होता. पाहुणे बॅगा भरून गेले, मैदानावर गवत वाढलं. दिराला अजून कुठंही गाठलं, जिन्यात, किचनच्या मागच्या दारात, की बाई आधी तेच विचारतात, "भावोजी, लागला होता ना?"