आवाज काढून दाखवा

आमच्या भिंतीत कोणी हातोडा घेऊन बसलंय असं सून म्हणाली, तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. मग मीही ऐकलं. नळ बंद केला, की ठोका पडलाच.

मुलाने प्लंबर बोलावला, तर आली एक बाई, आणि मागोमाग तिचा दीर. नवरा गेल्यावर त्याचं दुकान या दोघांनी चालवायला घेतलेलं. दिराला बाथरूमची अख्खी भिंत फोडायची होती. बाई म्हणाली, मी वीतभर फोडीन, तेवढ्यात सापडेल. त्यावर त्याने आमच्यादेखत अट घातली: चुकली, तर उद्यापासून तिने दुकानात गल्ल्यावर बसायचं, घरोघर कामाला हिंडायचं नाही. बाईचा चेहरा उतरला, पण तिने मान डोलावली.

तिची तऱ्हाच वेगळी. भिंतीला कान लावण्याआधी ती घरातल्या प्रत्येकाला, जो जिथे ऐकतो तिथे उभं करून, कानावर पडणारा आवाज तोंडाने काढायला लावते. मी एम.ए. झालेली बाई, स्वयंपाकघरात उभी राहून ‘धप्प’ म्हणाले. सुनेने बाथरूममधून ‘घुर्रर्र’ काढलं. मुलगा नुसता ‘आवाज येतो’ म्हणाला, त्याला तिने बाजूला केलं. आमचे हे, ज्यांच्या तोंडून जेवताना मीठ मागण्यापलीकडे शब्द फुटत नाही, निजायच्या खोलीतून असे काही ‘टण्ण’ ओरडले की दीर दचकला.

“पुन्हा एकदा, आजोबा.”

यांनी तीनदा काढून दाखवला. मग थांबेनात.

बाईचे डोळे चमकले. घुर्र हे नळाच्या वायसरचं दुखणं, ते वेगळं. धप्प म्हणजे लांबून, भिंतीतून गाळून आलेला आवाज. आणि टण्ण म्हणजे तिथेच पाइप विटेवर आपटतोय. नळ झटकन बंद केला की धावतं पाणी अडतं, पाइपला हिसका बसतो. पाइपला भिंतीशी धरणारी पट्टी सुटलेली असली की झालंच.

निजायच्या खोलीतलं कपाट सरकवलं. छिन्नी लागली. मी दारात टाचा उंचावून, जणू माझीच नोकरी पणाला.

प्लास्टर पडलं. आत पट्टी जागच्या जागी, दोन्ही स्क्रूंसकट.

“संपलं, वहिनी,” दीर म्हणाला आणि छिन्नी घ्यायला हात पुढे केला.

“हात मागे घ्या, भावजी. आजी, नळ सोडा, आणि फाटकन बंद करा.”

मी धावले. या वयात! नळ बंद केल्याबरोबर पाइप पट्टीला घेऊनच उसळला. स्क्रू पक्के होते. ते ज्या लाकडी ठोकळ्यात बसवले होते, तोच सुकून भिंतीतून सुटला होता. यांनी टाळ्या वाजवल्या, मीही परत येऊन वाजवल्या.

दिराने ठोकळा बोटाने हलवून पाहिला. मग खाली मान घालून म्हणाला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे त्याने परवा पुरी भिंत फोडली, तरी आवाज चालूच आहे.

“येता का, वहिनी?”

बाईने चपलेत पाय घातलासुद्धा. मी दारात आडवी उभी राहिले: आधी आमचं भोक बुजवा.