डॉक्टरअक्काची बुटकी गाडी

कुणीही गाडीवरून दारात आलं की आमची डॉक्टरअक्का आधी त्याच्या टायरांकडे बघायची आणि मग त्याच्या तोंडाकडे. पाहुणा नमस्कार करत उभा आणि ही बाई त्याच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसलेली. अंगठ्याने रबर दाबायची, नक्षी किती झिजली ते बघायची आणि उठता उठता निकाल द्यायची. "खूर बघितल्याबिगर बैल घेऊ न्हाई, आन् टायर बघितल्याबिगर सोयरीक करू न्हाई." एकदा गल्लीतली मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीचे चारही टायर गुळगुळीत निघाले. अक्काने मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "माणसं चांगली असतील, पर उद्याचा इचार करणारी न्हाईत." सोयरीक झालीच; पण लग्नाआधी नवरदेवाने निमूटपणे टायर बदलून घेतले.

प्रज्ञा तिचं नाव. खटकचिंचोळीच्या जनावरांच्या दवाखान्यात ती डॉक्टर होती. मी इथल्या मराठी शाळेत मास्तर, आणि आमच्या गल्लीत तिने भाड्याने घेतलेलं घर माझ्या घराला भिंत लागून. वयाने ती माझ्याहून लहान, पण आख्खं गाव अक्का म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. वासरू आडवं आलं की दंडापर्यंत हात घालून त्याला सरळ करणारी आणि तोंडाने मालकाला शिव्या घालत राहणारी ही बाई वर्षातून दोनदा रजा टाकून हैदराबादकडच्या एका खासगी ट्रॅकवर गाडी पळवायला जाते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी विचारलं, "शर्यत असते का?" ती म्हणाली, "शर्यत न्हाई सर, बक्षीस न्हाई, टाळ्याबी न्हाईत. आपली रोजची गाडी न्यायची, फी भरायची आन् वळणं शिकायची." "मग फायदा काय?" "तुम्ही देवळात जाता, तिथं काय फायदा मोजता का?"  

आतापर्यंत ती मैत्रिणीच्या भावाच्या गाडीवर शिकत होती. तिची स्वतःची जुनी गाडी चिखल खाऊन खाऊन म्हातारी झालेली. ती ट्रॅकवर नेली असती तर वाटेतच समाधिस्थ झाली असती. तेव्हा नवी घ्यायची ठरली, आणि दोन्ही कामांना एकच. रोज काळ्या मातीतले रस्ते, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, रंग न मारलेले गतिरोधक. आणि सहा महिन्यांनी एकदा ती वळणं. "नवरा केला न्हाई, निदान गाडी तरी पारखून घेऊ द्या," म्हणायची.

यात आडवे आले ते अप्पा. अप्पा म्हणजे तिचे वडील. सारा जन्म हुमनाबादवरून पुणे-हैदराबाद रस्त्यावर लॉरी चालवलेला माणूस, सहा फूट उंच, आवाज एअर हॉर्नसारखा. पोरीला गाडी त्यांनीच शिकवली. तिच्या वेगाला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती उंचीला. तिला हवी होती हलकी, बुटकी हॅचबॅक. अप्पांना हवी होती उंच, पांढरी, पायरीवर पाय ठेवून चढावी लागते अशी. आमच्या भागात आमदारापासून आडत्यापर्यंत सगळ्यांकडे असते तशी.

यामागची गोष्ट त्यांनीच मला एकदा ओट्यावर बसून सांगितली. त्यांच्या लहानपणी याच गावात त्यांच्या वडिलांची बैलगाडी होती. पण गावातली चावडी आली की त्यांना गाडीतून खाली उतरावं लागे, जोडे हातात घेऊन, बैलांचा कासरा धरून चालत जावं लागे, आणि समोरून मोठ्या घरची गाडी आली तर आपली बाजूला शेतात घालावी लागे. "त्या गाडीत मी बसलेला असायचो, मास्तर. मलाबी उतरवायचे." ती चावडी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होती. उतरवणाऱ्यांत आमच्या घरची माणसंही असणार, म्हणून मी खाली बघत ऐकलं. "म्हणून मी लॉरी धरली. तिथनं सगळी खाली दिसायची. आन् माझी लेक डॉक्टर होऊन आता जमिनीला पोट घासणारी गाडी घेणार? घेऊ दे. मी त्यात बसणार न्हाई." अक्काला हे लागलं. वाद घालून हे सुटणार नाही, एवढं तिला कळत होतं. पण अप्पा शेजारी बसल्याशिवाय ती गाडी तिला पुरती आपली वाटणार नव्हती, हेही तिने मला बोलून दाखवलं होतं.

गाडी बघायला कलबुर्गीला अक्काने मला बरोबर नेलं, कारण मला गाडीतलं काही कळत नाही आणि मी मध्ये बोलणार नाही. शोरूममधला गडी पुढे आला. "मॅडम, ये ऑटोमॅटिक वाली देखो. लेडीज लोगां को बहुत पसंद आती." अक्का एव्हाना गाडीच्या खाली डोकं घालून बसली होती. तिथूनच म्हणाली, "लेडीज लोगां को छोडो मियाँ. ब्रेक कैसे हैं, वो बोलो."

चालवून बघायची तिची रीत मात्र कुठल्याच शोरूमने पाहिली नसेल. आमच्याकडे रिकामी गाडी कुणी नेत नाही. फाट्यावर हात केला की थांबायचं, हा रिवाजच आहे. न थांबणाऱ्याच्या घरच्या लग्नाला लोक जेवतात पण गुणगान करत नाहीत. अक्का म्हणायची, "माझी गाडी कधी एकटी चालणारच न्हाई, तर एकटीनं बघून काय करू?" म्हणून शहराबाहेर पडली की हुमनाबाद रोडवर जो हात करेल त्याला ती चक्क शोरूमच्या गाडीत बसवायची. मागे दोन मावश्या, त्यांची गाठोडी, एकदा एक कोंबडा, आणि त्यांच्या मध्ये चेपलेला, टाय लावलेला तो सेल्समन. "मॅडम, कंपनी रूल में नहीं है," तो म्हणायचा. मावशी कन्नडमध्ये त्याला सरकून बसायला सांगायची.

पहिली गाडी बाणासारखी सुटली. अक्काचे डोळे चमकले. पण गतिरोधकावर मावश्यांची डोकी छताला लागली आणि कोंबड्याने निषेध नोंदवला. "ताकद लई हाय, पर रोज मार खायचा कुणी?" म्हणून ती सोडली. दुसरी परदेशी बनावटीची, जुनी पण देखणी. वळणावर अशी चिकटून चालायची की मीसुद्धा डोळे उघडे ठेवले. तिचं पोट मात्र पहिल्याच चाकोरीला घासलं, आणि तिला दुरुस्त करणारा जवळात जवळ हैदराबादला. अक्काने तिच्या बॉनेटवर हात फिरवला. "लई गुणाची हाय. पर माझ्याकडं अडलेली म्हैस मिस्त्री येईस्तवर थांबत न्हाई."

तिसरी एका दाताच्या डॉक्टरची, वापरलेली. छोटं टर्बो इंजिन, हाताचे गिअर, वजनाला हलकी, दिसायला साधी. तिच्यात मागे बसलेली म्हातारी अर्ध्या वाटेत घोरायला लागली. अक्काने आरशात बघितलं, मग मोकळा रस्ता बघून तीन-चार वळणं मनासारखी घेतली, गाडी कचकचून थांबवली. म्हातारी जागी झाली आणि तिने विचारलं, "आलं का गाव?" अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, हीच."

लोकांनी मग सुचवलं, इंजिनाला हे लाव, सायलेन्सर तो लाव. तिने एकाचं ऐकलं नाही. "इंजिनाला हात लावायचा न्हाई. पयला ब्रेक, मग टायर, मग डायव्हर. हे तिन्ही सुधारल्यावर इंजिन कमी पडलं तर बघू." चांगले ब्रेक पॅड घातले, टायर घातले. बाकी गाडी होती तशी.

गाडी गावात आणली ती सरळ विहारात. मेणबत्त्या, पांढरी फुलं, पंचशील. आमच्या घरच्यांनी चाकाखाली लिंबू ठेवायचा हट्ट धरला तेव्हा म्हणाली, "ठेवा की, पर एक सरबताला शिल्लक ठेवा." सगळे हसले. मग तिने डावीकडचं दार उघडून धरलं. अप्पांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, टप त्यांच्या खांद्यालाही येत नव्हता. "तू हो पुढं, मी चालत येतो," म्हणाले आणि निघाले. अक्का पुढे झाली नाही. विहारापासून घरापर्यंत अप्पा पुढे चालत होते आणि ती मागून पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता, गाडी आणत होती. मला ते बघवलं नाही.

त्यानंतर गावाची आणखी एक निराशा झाली. डॉक्टरअक्काची गाडी पळते म्हणून पोरं रस्त्याला उभी राहायची, आणि ही चाळीसच्या वर जाईना. मोटारसायकलवाले, टमटमवाले, पार ट्रॅक्टरवाले मागून हॉर्न मारायचे आणि ही खिडकीतून हात काढून त्यांना वाट द्यायची. "रस्ता सगळ्यांचा हाय सर. शेरडं हायेत, लेकरं हायेत. मला पळायची जागा हाय, ह्या बिचाऱ्यांना न्हाई." मला तिचा अभिमान वाटायचा. अप्पांचा मात्र जीव जळायचा. एकदा ओट्यावरून त्यांनी हे बघितलं आणि म्हणाले, "माझा बाप वाट देत मेला. आता तूबी दे." अक्का दवाखान्याची पेटी उचलून आत गेली.

ट्रॅकचा दिवस ठरला. ती आदल्या दिवशी पुढे गेली. अप्पा माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, हैदराबादला माझा एक दोस्त हाय, त्याला भेटायचंय. जाता जाता ते बघून जाऊ." दोस्ताचं नाव मी विचारलं नाही. हुमनाबादहून बस धरली.

तिथं पोचलो तर गाड्यांची तपासणी चालू होती. नियम असा की गाडीत सुटं काही ठेवायचं नाही. अक्काच्या डिकीतून गमबूट निघाले, लसींचा बर्फाचा डबा निघाला, कुणीतरी प्रेमाने दिलेली तुरीची डाळ निघाली आणि शेवटी एक जाड दोरी. तपासणाऱ्याने विचारलं, "ये क्या है मॅडम?" "बछडा खींचने का है." त्याने दोरी हळूच खाली ठेवली आणि रुमालाला हात पुसले. आजूबाजूला लांबलचक, महागड्या गाड्या उभ्या होत्या, एक-दोन तर अप्पांच्या मनातल्यासारख्या उंच. त्यांच्यात अक्काची गाडी म्हणजे बैलबाजारात आलेलं शेरडू. अप्पांनी ते बघितलं आणि कुंपणाच्या तारेशी जाऊन उभे राहिले.

गाड्या सुटल्या. पहिली फेरी अक्का सगळ्यांच्या मागे. दुसऱ्या फेरीत वळणाला एक लांब काळी गाडी लवकर ब्रेक दाबून जड जड वळली आणि अक्का तिच्या पाठीला येऊन लागली. सरळ रस्ता आला. काळ्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, बोटाने बाजू दाखवली, आणि अक्का सुर्रकन पुढे गेली.

"हात कामून काढला त्यानं?" अप्पांनी विचारलं.

"वाट दिली, अप्पा. मागची गाडी आपल्यापेक्षा चांगली चालायलीय असं दिसलं की पुढच्यानं हात काढून वाट द्यायची. त्यानं दिल्याशिवाय मागच्यानं जायचं नाही. अक्काने सांगितलेला इथला नियम आहे."

"प्रज्ञाला वळखतो का त्यो?"

"नाही."

"मग कुणाची लेक म्हणून इच्यारलं आसंल आधी."

"डोक्यावर हेल्मेट आहे अप्पा. बाई आहे का बुवा, तेसुद्धा कळत नाही त्यांना."

अप्पा तारेला दोन्ही हातांनी धरून बघायला लागले. पुढच्या फेरीत एक उंच पांढरी गाडी. वळणावर ती कलली, डुलली, आणि तिच्याही खिडकीतून हात आला. मग आणखी एकीतून. माझी छाती अशी फुगली की विचारू नका. ती माझी कोण? शेजारीण. पण मला तिथं ओरडून सांगावंसं वाटलं की ही आमच्या खटकचिंचोळीची आहे, हिने आमची गाय वाचवली आहे. प्रत्येक हाताला अप्पांची हनुवटी थोडी वर जात होती.

मग मागून एक छोटी निळी गाडी आली, फार सुरेख चालवत. सरळ रस्त्यावर अक्काने खिडकीतून हात काढला आणि तिला वाट दिली. मी घाबरून अप्पांकडे बघितलं. त्यांचे डोळे त्या निळ्या गाडीमागे गेले.

"तिच्याहून चांगला हाय का त्यो?"

"हो. आज तरी."

"मग द्यायला पायजे," अप्पा म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, "वाट देणं निराळं, मास्तर. उतरवणं निराळं. मी दोन्ही एकच धरून बसलो होतो."

फेऱ्या संपल्या. अक्का हेल्मेट काढून घामेजल्या तोंडाने आली ती तपासणीवाल्याकडून दोरी परत घ्यायला. वळून बघते तर अप्पा डावीकडचं दार उघडून उभे. एवढा उंच माणूस त्या बुटक्या गाडीत शिरेना. आधी पाय घालायला गेले, गुडघा अडला.  वासराच्या मालकाला सांगावं तशा आवाजात अक्का म्हणाली, "आधी बूड टेका अप्पा, मग पाय आत घ्या." ते बसले. दोस्ताचा विषय कुणी काढला नाही. मी मागे डाळीशेजारी बसलो.

आता अक्काची बदली कलबुर्गीला झाली आहे, अप्पाही तिच्याकडेच असतात, आणि भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड आलं आहे. पण तिची आठवण निघाली की मला ट्रॅकवरच्या तिच्या फेऱ्यांपेक्षा परतीची ती संध्याकाळ आधी आठवते. गावात शिरल्यावर अप्पा म्हणाले, "स्टँडच्या हॉटेलापाशी जरा थांबव." गाडी थांबली. अक्का उतरायला लागली तर म्हणाले, "उतरू नको. चहा हितंच मागव." खिडकीची काच खाली करून ते बसून राहिले. अप्पा त्या गाडीत बसलेत, ही बातमी हॉटेलात पसरायला वेळ लागला नाही. माणसं एकेक करून उठून आली. सोसायटीचा चेअरमन आला, आडत्या आला, आमच्या गल्लीतले दोन म्हातारे काठ्या टेकत आले. गाडी एवढी बुटकी की अप्पांशी बोलायचं तर प्रत्येकाला कमरेत वाकून खिडकीशी तोंड न्यावं लागत होतं. ते वाकून विचारत होते, "कसं काय अप्पा, कुठनं आलाव?" आणि अप्पा बसल्या जागेवरून, बशीत चहा ओतत सांगत होते, "लेकीची गाडी बघायला गेलतो."

आमची घरं तिथून जवळच होती. मी मागून उतरलो, पुढच्या खिडकीपाशी आलो, आणि निरोप घ्यायला वाकलो.