मुळगावचं लोखंड

प्रकाशाच्या उपासकाला मृत्यू नसतो, असं शोकसभेच्या अध्यक्षांनी सांगितलं आणि त्या न झालेल्या मृत्यूबद्दल आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. रघुवीरने हयात प्रयोगशाळेतल्या काळ्या पडद्यांआडच्या अंधाऱ्या खोलीत काढली, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. दीड महिन्यापूर्वी वहिनींचा फोन आला तेव्हा मी पेडण्याला म्हापशाच्या बसची वाट बघत होतो. “भावजी, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. बस आली, गेली... मी तिथेच.

गोवा राज्य झालं त्या सुमारास पणजीत आम्ही एका खोलीत राहायचो. मी शिक्षक व्हायच्या वाटेवर होतो, मुळगावचा रघुवीर विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. तो भट्टीत काच बनवायचा, तिच्यात निओडिमियम नावाचं मूलद्रव्य चिमूटभर घालायचा आणि लेसरचा झटका दिल्यावर ती किती वेळ उजळते ते मोजायचा. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि तो उजेड डोळ्यांना न दिसणारा.

“म्हणजे न दिसणारा उजेड कधी विझतो ते तू बघत बसतोस?”

“पळयना रे, मोजतां.”

बाहेर मराठी-कोंकणीवरून लोकांचे घसे बसत होते. हा आईशी कोंकणीत बोले, रोजनिशी मराठीत लिही, प्रबंध इंग्रजीत; तिन्ही भाषांत त्याची अडचण एकच होती. काच लवकर विझत होती. लोखंडाचा अंश शिरला की असं होतं. त्याने रसायनं बदलली, मूस बदलली. शेवटी वही चाळताना दिसलं, बिघडलेल्या बहुतेक काचा सोमवारच्या. रविवारी तो घरी जायचा आणि गावच्या लोखंडाच्या खाणीची लाल धूळ कपड्यांत, केसांत, आईने दिलेल्या उकड्या तांदळाच्या पिशवीत घेऊन बसमधून थेट प्रयोगशाळेत उतरायचा. आंघोळ करून, कपडे बदलूनही फरक पडला तो अर्धाच. मार्गदर्शक म्हणाले, “प्रबंध हवा असेल तर वर्षभर घरी जाऊ नका.” याच काचेवर परदेशात दुसरेही लोक काम करत होते.

आई घरात एकटी. तिला सांगायला तो गेला, तेव्हा सोबतीला मला नेलं.

“म्हज्या घरची धूळ सोसना, तें कसलें रे तुमचें शास्त्र?”

“आई, एकच वर्स.”

ती उठली. ओलं फडकं घेऊन तांदळाची पिशवी चारी बाजूंनी पुसू लागली. “आतां पळय. एक कण ना.” फडकं लाल झालं होतं.

 परतताना म्हापशाला तो म्हणाला, “दर आयतारा येतलों.”

रविवार तसाच ठेवून भट्टी पेटवणं त्याने गुरुवारवर ढकललं; तोवर अंगावरची धूळ गेलेली असे. काचा निम्म्याच होऊ लागल्या, प्रबंध रखडला. एके दिवशी नियतकालिकाचा अंक घेऊन तो खोलीवर आला, उभ्या उभ्याच पुन्हा वाचला. “आंकडो म्हजोच,” म्हणाला, “नांव तेवढें दुसऱ्याचें.” त्या रविवारीही तो मुळगावला गेला.

पुढे तो प्राध्यापक झाला, विभागप्रमुख झाला. आई गेली, खाण बंद पडली. परवा त्याची पुस्तकं आणायला विभागात गेलो, तो सोमवार होता. भट्टी थंडगार. एका विद्यार्थिनीला कारण विचारलं.

“सर शंकराचा सोमवार पाळायचे,” ती हळू आवाजात म्हणाली. “इथे सोमवारी भट्टी लावत नाहीत. आम्हीही पाळतो.”

हे ज्याला जाऊन सांगावं असा एकच माणूस होता...

सोमवारी आमच्या खोलीवर बांगडे असत. तळायचा तोच.