टेबलातला करंट

गेल्या हिवाळ्यात मी ऑपरेशन थिएटरमध्ये "टेबलात करंट उतरला!" असं बोंबललो आणि मेन स्विच पाडला. टेबलात काहीही उतरलं नव्हतं.

वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात मी थिएटर सांभाळतो. त्या दिवशी टेबलावर किन्हीराजा गावाकडची एक आजी होती, हर्नियाची. दोनदा तारीख घेऊन भीतीपायी आलीच नव्हती. तिसऱ्यांदा कशीबशी आली. भूल द्यायची बाकी होती. वापरून फेकायच्या त्या निळ्या चादरी मी ऐटीत पाकिटातून काढल्या, तर त्या माझ्या गाऊनलाच बिलगल्या. एक ओढून सोडवली, चर्र झालं. आजीला धीर द्यावा म्हणून तिच्या कोपराला हात लावला, अन् टक्‌कन ठिणगी!

मी बोंबललो. आजी टेबलावरून खाली.

"मले मारून राह्यले हे! मी चालली गावाले."

वायरमनने अर्धा तास मीटर लावून पाहिलं. सगळं ठणठणीत. मग सिस्टरची नजर माझ्या गळ्याशी गेली.

"भाऊ, गाऊनच्या आत काय घातलं तुमी?"

स्वेटर. लोकरीचं सोंग घेतलेला, शुद्ध प्लास्टिकचा. थिएटरमध्ये आत फक्त सुती कपडे, हा नियम दारावर लावलाय, अक्षर माझंच. तो डोक्यातून काढताना असा तडतडला की सिस्टर दोन पावलं मागे सरकल्या. मला हसू आलं.

"हसू नको," डॉक्टर म्हणाले. "तिच्या अंगावर स्पिरिट ओलं असताना ही ठिणगी पडली असती म्हणजे? जा, आजीला तूच समजाव. आज गेली तर ती परत येत नाही."

आजी बाहेर बाकावर पिशवी आवळून बसली होती. मी सगळं कबूल केलं. तिला पटेना. शेवटी स्वेटर पुन्हा डोक्यावर घासून दाखवला. माझे उरलेसुरले केस ताडकन उभे राहिले. आजी पोट धरून हसायला लागली.

"हसवू नोको रे, दुखते!"

डोळे पुसून तिने पिशवी माझ्याकडे नाही, मागून आलेल्या सिस्टरकडे दिली.

"चाल बाई, करून टाक ऑपरेशन. पण याले दूर उभा कर. करंटचं काई नाई, याची अक्कल मले लागली तं?"