नसरीनची माय, माझ्या तोंडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी लातूरला एका क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते. बॅच सुटली की पोरं-पोरी जिन्यात रॅप करतात आणि माझं डोकं फिरतं. मेसच्या डब्यावर जगणारी ही पोरं, आणि गाण्यात काय? बंदुका, सोन्याच्या साखळ्या, काळ्या काचांच्या गाड्या. आमच्या वेळी रॅप म्हणजे आपल्या गल्लीचं, आपल्या घरचं बोलणं होतं. मी ओरडते, "जे तुमचं नाही ते तुमचं म्हणून का सांगता रे?" — आणि एवढं बोलून झालं की मला तिथं उभं राहवत नाही.

का राहवत नाही? तेच सांगायचंय.

मी मूळची नांदेडची. मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला हॉस्टेलवर राहिले, तेव्हा खोलीत नसरीन होती. औशाकडच्या एका खेड्यातली, वडील कपडे शिवायचे. भूकंपात तिचे दोन भाऊ गेले होते — ती जन्मायच्या आधी. ती फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर रॅप लिहायची आणि फक्त मला म्हणून दाखवायची.

दगडाच्या भिंतीला भिऊन माय अंगणात निजते,
आधी दोघांना हाक मारते, मग मला उठवते.

मी ते सगळं पाठ केलं. पाठ करण्यात काय वाईट? मेडिकल हुकलं, नांदेडला परत येऊन बीएस्सीला बसले, आणि गॅदरिंगला स्टेजवर ते म्हटलं. टाळ्या थांबेनात. खाली उतरले तर एकानं मोबाइल समोर धरून विचारलं, "हे तुझ्या घरचं आहे का?" नसरीनचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणाले — हो, माझे दोन भाऊ भूकंपात गेले.

मी एकुलती एक. आमच्या घरातलं एक भांडंसुद्धा तेव्हा पडलं नव्हतं.

व्हिडिओ फिरला. आईकडे साधा फोन होता, तिच्यापर्यंत तो गेलाच नाही. औशापर्यंत मात्र आठवड्यात पोचला, आणि नसरीनचा फोन आला. मला वाटलं, शिव्या घालेल.

"अम्मीनं बघितलं," ती म्हणाली. "लई रडली गं. मी तिला काहीच सांगितलं न्हाई. ती म्हणून राहिली, त्या पोरीच्या आईला भेटायचंय, तिचे बी दोन गेलेत म्हणते. नांदेडला घेऊन चल म्हणून मागं लागलीय. आता तूच सांग, काय सांगू तिला?"

तिनं मला संधी दिली होती. खरं बोलायची. दुसरं काय होतं ते? आणि मी? आत आई पोळ्या लाटत होती, पोळपाटाचा आवाज येत होता. मी आवाज बारीक करून म्हणाले, "सांग, तिची आई वारली."

नसरीन "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढं एका मैत्रिणीकडून कळलं — अम्मी आपल्या दोघांसोबत माझ्या आईसाठीही दुआ मागते. आणि नसरीननं लिहिणं सोडलं. ती औशात औषधांचं दुकान चालवते. लातूरहून तासाभराचाही रस्ता नाही. मी इतक्या वर्षांत एकदाही गेले नाही. अम्मी आहे की नाही, तेही मी कुणाला विचारलेलं नाही.

हे सगळं जुनं आहे असं म्हणता आलं असतं. पण नाही म्हणता येत. गेल्या महिन्यात बॅचमधली एक मुलगी, अहमदपूरची, तो जुना व्हिडिओ कुठूनसा शोधून घेऊन आली. सगळे गेल्यावर थांबली. "मॅडम, ह्या तुम्हीच ना? हे खरं हाय ना?" तीही लिहिते म्हणाली, पण घरचं लिहायला हिंमत होत नव्हती, हे ऐकून झाली.

मी "हाव" म्हणाले.

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.