पराते काकांच्या सात गाठी

पराते काका तुटलेला धागा असा जोडत, की आपण कधी तुटलो होतो हे धाग्यालाही आठवत नसे. चाळीस वर्षं हातमागावर बसलेला माणूस! एकदा म्हणे त्यांनी पतंगाचा कटलेला मांजा हवेतच जोडला. मी पाहिलं नाही. पण शपथेवर सांगू शकतो.

माग बंद पडल्यावर उरला शॉर्टवेव्ह रेडिओ. सातासमुद्रापलीकडच्या एका हिंदी कार्यक्रमाला ते तीस वर्षं दरमहा पत्र लिहीत. एकही वाचलं गेलं नाही. काकू म्हणत, "चुलीत घालून राहिले ते लोक तुमची पत्रं!" अन् एक दिवस जाहीर झालं: रविवारी शेवटचा कार्यक्रम, जुन्या श्रोत्यांची पत्रं वाचणार.

काकांच्या रेडिओत तर नुसती खरखर! "एरियलले लांब तार पायजे गा!" माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात येऊन ते गरजले. मी तांब्याच्या तारेचे उरलेले आठ तुकडे दिले. काकांनी सात गाठी मारून गच्चीपासून समोरच्या कडुलिंबापर्यंत तार ताणली.

रविवारी संध्याकाळी, कार्यक्रमाला वीस मिनिटं उरली तरी खरखरच. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

"काका, तारेवरचं वार्निश खरवडलं का?"

"काहून? गाठ दिसते का गा कुठं?"

"दिसत नाही, पण मधे वार्निश असल्यावर तांब्याला तांबं लागतच नाही, आवाज येणार कुठून! सोडा गाठी."

काका पांढरे पडले. "जन्मात मारलेली गाठ सोडली नाही मी."

काकूंनी सुरी पुढे केली. "तुम्ही सोडता का मी कापू?"

(वार्निशचं आधी सांगायला मीच विसरलो होतो, हे काकूंना अजून ठाऊक नाही.)

तार उतरवली. मी टोकं खरवडत गेलो, काका गाठी मारत गेले. बोटं अशी चालली की गच्चीवर वारा सुटला! तार पुन्हा चढली, अन् रेडिओतला माणूस इतका खणखणीत बोलला की काकूंनी पदर सावरला.

"नागपुर से पराते जी लिखते हैं, पत्नी कहती हैं हमारे पत्र आप चूल्हे में डालते हैं. पराते जी, आपके सारे पत्र हमने सँभालकर रखे हैं."

"हे बी लिहिलं होतं तुम्ही?" काकू.

"खोटं काहून लिहू वं?" काका डोळे पुसत म्हणाले.

काका गेल्या वर्षी गेले. परवा मी तार काढू का विचारलं, तर काकू उखडल्या.

"हात नको लावू गा! जन्मात दोनदा मारलेल्या ह्या सातच गाठी हायेत त्याइच्या."