दारावरचे पंजे

लालबागमध्ये माझा उजवा हात मोडला तेव्हा मी हातांवरच प्रबंध लिहीत होतो.

विषय सरांनी दिला होता. उघड्या हाताचा पंजा हे चिन्ह निरनिराळ्या धर्मांत, गूढ पंथांत आणि जादूटोण्यात कुठे कुठे येतं आणि कशासाठी येतं, त्याचा माग काढायचा. सर खोताच्या वाडीत एका ख्रिस्ती बाईंच्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. खाली बाईंच्या भिंतीवर खिळ्याने भोक पडलेल्या हाताचं चित्र होतं. वर सरांच्या टेबलावर मोहरमचा पत्र्याचा पंजा, सतीच्या शिळांचे फोटो, तिबेटी मुद्रांची चित्रं. भायखळ्याच्या एका बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबाने मला दाराच्या चौकटीवरचा कागद काढून दाखवला होता. सणाला कापलेल्या बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून त्यावर पंजा उठवलेला. रक्त वाळून तपकिरी झालं होतं, पण बोटांच्या रेषा जशाच्या तशा होत्या.

"सगळीकडे हा हात एकच गोष्ट सांगतो," सर म्हणायचे. "तिथेच थांब. या उंबऱ्याच्या आत येऊ नकोस."

गिरणगावातल्या चाळींत असे पंजे जागोजाग होते. लग्नातले हळदीकुंकवाचे, बाळंतिणीच्या खोलीबाहेरचे, नजर लागू नये म्हणून भगताने काजळाने उठवलेले. मी पतंगाचा पातळ कागद त्यांच्यावर धरायचो आणि कोळशाने गिरवून ठसा उतरवून घ्यायचो. लोक हसायचे. बायका म्हणायच्या, "आता हातसुद्धा कॉलेजात शिकवतात काय रे?" आणि चहा द्यायच्या.

मग मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि सगळं पेटलं. ट्रामच्या रुळांवर दगडांचे ढीग पडले. गिरगावात आमच्या नाक्यावर अश्रुधुराचं नळकांडं फुटलं तेव्हा माझे वडील, आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, धोतराचा सोगा नाकाला लावून खाली धावले आणि दगड मारून आले. आईने त्यांना पाणी दिलं.

दोन दिवसांनी दुपारी जरा शांत वाटलं. सर एका जुन्या पंज्यासाठी सारखे मागे लागले होते. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर भगताने फार वर्षांपूर्वी उठवलेला, तळव्यात आकड्यांचा चौकोन असलेला. मी चालत निघालो. मराठी माणसाला लालबागमध्ये कसली भीती, असं मला वाटलं.

चाळीच्या जिन्यात शिरलो आणि थबकलो. कठड्याशेजारच्या चुन्यावर लाल पंजा होता. ओला होता. बोटं खाली ओघळली होती. कुणीतरी गोळी लागलेला भिंतीचा आधार घेत वर चढला होता. पायरीपायरीवर थेंब होते. परत फिरायला हवं होतं, पण खालून माणसं आली. त्यांनी मला विचारलं, "कोणाकडे?"

मला त्या घराचं नाव सांगता येईना. मी म्हणालो, "दारावरचा पंजा बघायला आलोय."

एकाने माझी पिशवी हिसकावली. आतून कागद बाहेर पडले. काळे पंजे, आकड्यांचे चौकोन, सहा टोकांची चांदणी, क्रूस, चंद्रकोर. आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात चाळ, मजला, खोली.

त्या दिवसांत एक अफवा गिरणगावभर पसरली होती. पोलिसांचे खबरे दारांवर खुणा करून जातात आणि रात्री त्याच खोल्यांतून पोरं उचलली जातात. ती अफवा मीही ऐकली होती. आपला आणि तिचा काही संबंध लागेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"खबऱ्या आहे साला! खोल्या लिहून ठेवल्यात बघ!"

"अरे, मी विद्यार्थी आहे, गिरगावातला, मी—"

पहिला फटका तोंडावर बसला. मग किती बसले ते कळलं नाही. मला पायांना धरून खाली चौकात ओढत नेलं. पायऱ्यांवर माझं डोकं आपटत होतं आणि तो आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. चौकात मोरीजवळ कुणीतरी म्हणालं, "याचा लिहायचा हात आधी मोडा." एकाने मनगटावर पाय दिला. दुसऱ्याने पाट्यावरचा वरवंटा आणला. तो विशीतला होता, गोरा, मिसरूड फुटलेला, आणि रडत होता. जिन्यातलं रक्त त्याच्या मित्राचं होतं, हे मला नंतर कळलं.

वरवंटा पडला. मी ओरडलो असणार. तो पुन्हा वर गेला तेव्हा त्याच्या खाली माझं डोकं होतं.

आणि एका बाईची किंकाळी आली. गर्दी फाटली. केस मोकळे सुटलेली, चाळिशीच्या आतली एक बाई घुमत पुढे आली. डोळे पांढरे, मान गरगर फिरतेय. तिने उजवा हात पुढे केला, पंजा उघडा, आणि मालवणीत गरजली, "मेल्यांनो, सोडा त्याका! हात लावशात तर वंस बुडतलो तुमचो!"

वरवंटा धरलेला मुलगा तिचा धाकटा दीर होता. बाकीचेही कोकणातलेच. कोकणात देव अंगात येतो त्याला अवसार म्हणतात, आणि या बाईला दर शिमग्यात अवसार येतो हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं. माणसं मागे सरली. एका म्हाताऱ्याने तिथेच हात जोडले. दिराने वरवंटा खाली टाकला आणि पळत चौकाबाहेर गेला. मला हातगाडीवर घालून परळच्या इस्पितळात कुणी नेलं, ते आजवर कळलेलं नाही.

इस्पितळात जमिनीवरही माणसं झोपवली होती. माझ्या शेजारच्याच्या मांडीतून गोळी काढली होती आणि तो गुंगीतही घोषणा देत होता. सर भेटायला आले. माझ्या प्लॅस्टरकडे पाहून त्यांचे डोळे भरले. मग ते खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "तिने हात नेमका कसा धरला होता? बोटं जुळलेली की पसरलेली?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते उठून निघून गेले.

हात गळ्यात बांधून फिरता येऊ लागल्यावर आई म्हणाली, "त्या बाईला भेटून ये. साडी-चोळी घेऊन जा." मी गेलो. चौकात मला ओळखणारे दोघेजण भेटले. त्यांनी माना खाली घालूनच तिची खोली सांगितली. तिसऱ्या मजल्यावर तिच्या सासूने दार अर्धं उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळली, "ह्याच्यासाठी! ह्याच्यासाठी माझो पोर गेलो!"

त्या दिवशी धाकटा दीर चौकातून जो पळाला तो थेट रस्त्यावर, आणि तिथे त्याला पोलिसांची गोळी लागली. छातीत. रस्त्यातच गेला.

बाई आत चुलीजवळ बसली होती. तिचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत फडक्यात गुंडाळलेला होता. फडक्यावर पिवळं पाणी आलं होतं.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"बाहेर चल," ती म्हणाली. सासू मागून शिव्या देत राहिली.

गच्चीवर तिने सांगितलं. माझ्याशी बोलताना ती मुंबईचीच मराठी बोलायची. दिराच्या दहाव्या-तेराव्यानंतर सासूने भगताला बोलावलं. देव खरा असता तर त्याने परक्याला वाचवून घरचा पोर का मरू दिला, असं सासूचं म्हणणं. म्हणजे अवसार खोटा. म्हणजे बाईने नाटक केलं, आणि नाटक केलं नसतं तर पोर चौकातच राहिला असता. भगताने चाचणी सांगितली. तळव्यावर कापूर पेटवायचा. देव खरा असेल तर भाजणार नाही.

"कुणी धरलं तुम्हाला?"

"नवऱ्याने. मनगट धरलं होतं." ती गिरणीच्या भोंग्याच्या दिशेने पाहत होती. "तो रडत होता. पण धरलं घट्ट."

जे विचारायला नको होतं तेच मी विचारलं. "त्या दिवशी खरंच अवसार आला होता?"

"मला काय ठाऊक? तुझं डोकं फुटणार हे दिसलं आणि मी धावले. पुढचं आठवत नाही." मग म्हणाली, "कापूर पेटवला तेव्हा मात्र कुणी आलं नव्हतं. तेव्हा मीच होते."

मी खाली उतरलो तो सरळ तळमजल्यावरच्या भगताच्या खोलीत गेलो. तो पाटावर गेरूने कसलं तरी यंत्र काढत बसला होता. त्रिकोण, त्यात डोळा, डोळ्यात बिंदू. तशा आकृत्यांवर मी महिनोन्महिने टिपणं काढली होती. मी पाट लाथेने उडवला. तो उठला तेव्हा प्लॅस्टरचा हात त्याच्या तोंडावर हाणला. माझ्या हाडातून अशी कळ गेली की मीच खाली बसलो. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. तो मला मारायला धावला नाही. नुसता म्हणाला, "तिच्या सासूला जाऊन विचार. मी नको म्हणालो असतो तर तिने दुसरा भगत आणला असता."

हाड पुन्हा सरकलं होतं. ते दुसऱ्यांदा बसवावं लागलं आणि नीट बसलं नाही. अजूनही त्या हाताची मूठ पुरती वळत नाही.

बाईने महिन्याभरात नवऱ्याचं घर सोडलं. भोईवाड्यात तिची बहीण होती, तिच्या शेजारी एक अंधारी खोली घेऊन तिने खानावळ काढली. भाजलेल्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. ती डाव्या हाताने वाढायची. मी डाव्या हाताने लिहायला शिकत होतो. तिथे जेवायला जायला लागलो. गिरगावातून परळला निव्वळ आमटीभातासाठी जातोस, असं आई म्हणायची, पण अडवायची नाही.

प्रबंध मी पुरा केला. सरांनी सुचवलेलं शेवटचं प्रकरण, लालबागचं, लिहिलं नाही. "तुझ्याकडे डोळ्यांनी पाहिलेली घटना आहे, अशी कुणाकडे नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, "ती घटना नाही सर. त्या बाई भोईवाड्यात राहतात. चला, जेवायला नेतो." ते आले नाहीत. आमचं बोलणं हळूहळू कमी झालं.

पुढे महाराष्ट्र झाला. त्या दिवशी परळ गुलालाने लाल झालं होतं, ढोलताशांनी खिडक्या थरथरत होत्या. खानावळीसमोरून मिरवणूक चालली होती आणि तिच्यात दोनतीन बाया अंगात येऊन घुमत होत्या. गिऱ्हाइकं ताटं सोडून बघायला बाहेर गेली. बाई मात्र चुलीपाशीच होती.

त्याच गर्दीतून तिचा नवरा आत आला. डोक्यावर, खांद्यांवर गुलाल. मी त्याला त्याआधी एकदाच, चाळीच्या जिन्यात, पाहिलं होतं. तो बाकावर बसला. बाईने त्याच्याकडे पाहिलं, ताट घेतलं आणि डाव्या हाताने भात, आमटी, सुक्या बांगड्याचा तुकडा वाढला. तो जेवला. मध्येच म्हणाला, "आई गेली. गेल्या शिमग्यात."

"कळलं होतं," ती म्हणाली.

"घरी चल."

तिने उजवा हात त्याच्या ताटाशेजारी टेबलावर ठेवला, तळवा वर करून. कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती. तिथे एकही रेषा उरली नव्हती. तो त्या हाताकडे बघत बसला. मग उठला, आपलं ताट स्वतः मोरीवर नेऊन घासलं, उपडं घातलं आणि मिरवणुकीच्या उलट दिशेने निघून गेला.

तो पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्या रविवारीही. ती त्याला वाढायची. घरी मात्र ती कधी गेली नाही.